दोनशे ऐंशीवर उघडलेली भट्टी

मावशी मातीची भांडी घडवायची. घरामागच्या तिच्या खोलीत नियम एकच: तापमानाचा काटा शंभराच्या खाली आल्याशिवाय भट्टीचं झाकण उघडायचं नाही. तापलेल्या भांड्याला गार हवा लागली की ते तडकतं. तिच्या दहावीतल्या भाचीला हे तोंडपाठ होतं. शाळेत यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि पठ्ठीने पाचच्या पाच पटकावले होते!

त्या दुपारी मावशीने भट्टीच्या कुलपाची किल्ली पहिल्यांदाच तिच्या हातावर ठेवली.

"दाढ ठणकतेय गं. डॉक्टरकडे जाऊन येते. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आत माझा मोठा वाडगा आहे. दोन महिने राबलेय त्याच्यावर. परवा प्रदर्शनात जायचाय."

"तू जा बाई! मी आहे ना."

भाची स्टुलावर अशी ऐटीत बसली, जणू राजवाड्याच्या दारावर तिची नेमणूक झालीय. काटा चारशेवर होता. मग साडेतीनशे. आत तिचा पेलाही होता, आयुष्यातला पहिला, निळ्या झिलईचा. निळा उतरला असेल का? की शेवाळी? की शाईच्या डागासारखा काहीतरी भलताच?

"नाही उघडायचं," ती मोठ्याने म्हणाली.

कुणी तिला भरीस घालत नव्हतं. डोकं ताळ्यावर होतं. उघडलं तर वाडगा जाईल, हे वाक्य डोक्यात स्वच्छ चालू होतं, आणि ते चालू असतानाच तिचा हात कुलपात किल्ली फिरवत होता. ती त्या हाताकडे बघत राहिली, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या हाताकडे बघावं तशी.

झाकण चार बोटं वर झालं. झळ तोंडावर आली. आणि आई गं, तो निळा! असा निळा तिने कुठल्याच रंगपेटीत पाहिला नव्हता. आतली हवा थरथरत होती आणि भांडी बोलत होती: टिंग. टिंग टिंग. तिच्या अंगावर काटा आला.

मग एक जाड आवाज आला. टक्.

तिने झाकण टाकलं, कुलूप लावलं. काटा दोनशे ऐंशीवर होता.

मावशी परत आली, तेव्हा भाचीने आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. मावशी मटकन खाली बसली.

"विसरली होतीस का?"

"नाही गं. उघडतानासुद्धा माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं! म्हणून तर भीती वाटतेय."

"मला शिकवणारे सर म्हणायचे, ज्याला खरंच कळलंय तो चुकणारच नाही." मावशीने सुस्कारा सोडला. "तीस वर्षं झाली. सर चुकले होते."

"दाढ काढली का?"

"दाढ ठणठणीत आहे."

"काय?"

"दर भट्टीला मी घरातून पळ काढते. कधी दाढ, कधी डोळे. किल्ली समोरच्या शिंपीणकाकूंकडे ठेवते. या वेळी वाटलं, तू माझ्यापेक्षा बरी निघशील."

भाची बघतच राहिली. जिच्या हातांची सगळं गाव तारीफ करतं, ती त्याच हातांना घाबरून तीस वर्षं घराबाहेर पळतेय!

"कसा दिसत होता गं निळा?" मावशीने हळूच विचारलं.

भाचीने सांगितलं. हातवारे करून, टिंग टिंगसकट. ऐकता ऐकता मावशी उठली, भट्टीपाशी गेली. काटा दोनशेवर.

"वाडगा तर गेलाच आहे..."

"मावशी! माझा पेला आहे आत. बाकीची भांडी आहेत."

"माहितीये गं," मावशी म्हणाली, आणि तिचा हात किल्लीसाठी पुढे आलाच.

भाचीने ते मनगट दोन्ही हातांनी धरलं. केवढी ओढ होती त्याला! अगदी तिच्या स्वतःच्या हातासारखी.

"चल. माझी दाढ ठणकतेय."

शिंपीणकाकूंनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं आणि किल्ली सुयांच्या डबीत टाकली.

"संध्याकाळपर्यंत हिला देऊ नका," भाची म्हणाली. "आणि मी रडले तरी मलाही नाही."

"या वेळी दोघी?" काकूंनी डबी मांडीखाली सरकवली.