वर्गातली झोप

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, सकाळी माउंट रॉस्किलहून बस सुटली की राजश्रीला वाटे, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि आपलं स्वप्न तेवढं कामाला निघालंय. काचेबाहेर धुकं, धुक्यात विरघळलेली घरं. एका पॉलिटेक्निकात, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या कॉलेजात, ती सकाळी आठला नर्सिंगच्या पूर्वतयारीचं गणित शिकवायची आणि दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका ठिकाणी. दोन्हीकडे कंत्राट सहा-सहा महिन्यांचं.

खिडकीजवळ सिना बसायची. सामोआ बेटांवरची, तिशीची, दोन मुलांची आई. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून ती थेट वर्गात यायची आणि अपूर्णांक सुरू झाले की तिचं डोकं हळूच वहीवर टेकायचं. राजश्री तिला उठवत नसे. आवाज जरा खाली आणून शिकवत राही.

"झोपलेली विद्यार्थिनी गैरहजर धरायची असा नियम आहे," विभागप्रमुख हेलन एकदा म्हणाली. "आणखी दोनदा असं झालं तर तिचं नाव कमी करावं लागेल."

हेलन काही दुष्ट नव्हती. बोलताना तिनं स्वतःच दोनदा जांभई दाबली.

शुक्रवारी राजश्रीला दुपारचा वर्ग नसे. त्या शुक्रवारी घरी परतताना बसमध्ये तिचा डोळा लागला. झोपेत बस पाण्यावर तरंगत होती, आणि ती प्रत्येक उतारूला विचारत होती, "माझं नाव हजेरीत आहे ना?" ड्रायव्हरच्या हाकेनं ती दचकून जागी झाली.

"शेवटचा स्टॉप! दोघींनीही उतरा."

दोघी? तिनं वळून पाहिलं. मागच्या सीटवर सिना डोळे चोळत होती.

हिल्सबरोला उतरल्यावर दोघींना हसू आवरेना. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून त्या बाकावर टेकल्या. खाली मानुकाऊच्या खाडीला ओहोटी लागली होती. ओल्या चिखलात आभाळ उतरलं होतं. पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं.

"राजश्री, तूपण?" सिना हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मी एकटीच आळशी."

रात्रभर दुसऱ्यांची कूस बदलणारी बाई स्वतःला आळशी म्हणत होती.

संध्याकाळी तिनं हे सासऱ्यांना सांगितलं. नानासाहेब नागपूरला वीस वर्षं रात्रशाळेत शिकवत होते. आता काही महिने मुलाकडे राहायला आले होते.

"आमच्याकडे झोपलेल्याला उठवत नसू, बेटा," ते म्हणाले. "तास संपला की शेजारचा त्याला समजावून सांगे. तू अर्ज कर. आणि त्यात 'कृपा करून' असं लिहू नको."

"बाबा, माझं कंत्राट सप्टेंबरात संपतंय."

"मग सह्या जास्त घे."

तिनं एकेचाळीस सह्या घेतल्या, त्यांतल्या नऊ शिक्षकांच्या. मागण्या चारच. झोपलेल्याला गैरहजर धरायचा नियम काढावा, वर्ग अकराला भरावा, पाठ टेकायला एक शांत खोली मिळावी, आणि कंत्राटी शिक्षकांना वर्षभराची नेमणूक द्यावी.

अर्जावरच्या बैठकीत राजश्री उभी राहिली. "मी झोपलेल्या मुलीला हजर लावलं," ती म्हणाली, "कारण ती आली होती. आठ तास काम करून आली होती. आणि शुक्रवारी मीही बसमध्ये झोपून शेवटच्या स्टॉपला गेले. आम्हा दोघींचं दुखणं एकच आहे."

दाराशी सिना कामाच्या कपड्यांत उभी होती. "मला नर्स व्हायचंय," ती एवढंच म्हणाली.

मग हेलननं कागद पुढे ओढला आणि खाली स्वतःची सही केली.

नियम गेला. वर्ग अकरावर आला. खोली मिळाली. नेमणुकीचं मात्र 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर आलं; शिक्षकांनी लगेच दुसरा अर्ज लिहायला घेतला.

अकराच्या पहिल्या वर्गात ऊन थेट फळ्यापर्यंत आलं होतं. राजश्रीनं औषधाच्या मात्रेचं उदाहरण सोडवलं. खिडकीजवळून हात वर झाला.

"चुकलंय ते," सिना म्हणाली. "एवढी मात्रा दिली तर पेशंट उठणारच नाही."

राजश्रीनं पुन्हा मांडून पाहिलं. खरंच चुकलं होतं. तिनं खडू सिनाच्या हातात दिला आणि आपण तिच्या जागी जाऊन बसली.