हार्मचं नाव दगडावर का नाही

चार मेच्या शांततेत आजोबा बोलले. तसं काही घडलंच नाही असं गावाने एकमताने ठरवलंय, त्यामुळे मीही तसंच धरून चालतो.

तर जे घडलं नाही ते असं. दर चार मेला, महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ, संध्याकाळी आठला अख्खा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो, तसं आमचं गाव चौकातल्या दगडापुढे उभं होतं. दगडावर युद्धात गेलेल्यांची नावं आहेत. आजोबांच्या थोरल्या भावाचं, हार्मचं, नाही. जर्मनांच्या अमलात आपला झेंडा लावायला बंदी, म्हणून हार्मने तो कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरून ठेवला होता. जर्मन शरण आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडा घेऊन तो चर्चच्या मनोऱ्यावर चढला आणि पडला. झेंडा मात्र नीट लागला होता. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. खाली उभे राहून टाळ्या वाजवत होते.

स्मृतिदिन समितीच्या अध्यक्षा खेसिनाबाई दर वर्षी समजावतात की युद्ध आदल्या दिवशीच संपलं होतं, सबब हा अपघात. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांना वाटतं, याला दगडावर जागा दिली तर उद्या शिडीवरून पडलेला प्रत्येक जण दगड मागेल.

आजोबांकडे आता फारसे चार मे शिल्लक नाहीत. शांतता सुरू झाली आणि ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "हार्म टेनिस्सेन."

कोणी काही केलं नाही. करणार काय? गप्प करायलाही बोलावं लागतं. खेसिनाबाईंनी डोळे वटारले, तेवढं नियमात बसतं. एक बदक ओरडत गेलं. मग बँडने राष्ट्रगीत वाजवलं.

नंतर सभागृहात कॉफी, सोबत एक बिस्किट, आणि डबा बंद. आजोबांनी बाईंना गाठलं.

"ऐकलंत ना?"

"काय?"

"नाव."

"अहो वुब्बो, शांततेत कोणी बोलतं का," बाई म्हणाल्या आणि डबा पुन्हा उघडून त्यांच्यापुढे धरला. दुसरं बिस्किट आमच्या गावात सहसा कोणाला मिळत नाही. आजोबांनी ते घेतलं. खाल्लं नाही, नुसतं हातात धरून बसले.

घरी आल्यावर त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. दगडाचं राहू दे म्हणाले, मुळाशीच हात घालू.

"मा. अध्यक्षा, स्मृतिदिन समिती, यांस सविनय सादर. दुसरे महायुद्ध संपल्याची तारीख, केवळ आमच्या गावापुरती, एक दिवस पुढे ढकलण्यात यावी, ही विनंती."