अर्धा गोड, अर्धा खारट

मी एक ओटा आहे. एजियन समुद्रातल्या एका कोरड्या बेटावर, झाम्बेताच्या दारापुढे पसरलोय. माझं एक अर्धं घराकडे, दुसरं समुद्राकडे. या दोघांचं कधी पटलं नाही, आणि त्याला कारण पाणी.

माझा जन्म द्राक्षांच्या हंगामातला. झाम्बेताच्या लेकीचं, मारूलाचं, लग्न तोंडावर आलेलं, आणि वऱ्हाड नाचणार होतं माझ्यावर. झाम्बेताचा धाकटा भाऊ आर्गिरिस गवंडी. त्यानं माझा घराकडचा भाग अंगणातल्या पिंपाच्या पाण्यात सिमेंट कालवून ओतला. पिंपातलं पाणी तळाला गेलं. झरा डोंगरावर, खेचर दमलेलं. आर्गिरिसनं सरळ समुद्रात बादली बुडवली.

“अरे, खारं पाणी घालतोस?” झाम्बेता ओरडली.

“पाणी ते पाणी, ताई. सिमेंटला कुठं जीभ असते?”

जीभ नसेल, पण चव आम्हाला बरोबर कळते!

सकाळी समुद्राकडचं अर्धं टणक, आणि घराकडचं शिऱ्यासारखं मऊ. दुसऱ्या दिवशीही तेच. झाम्बेताची कोंबडी मजेत माझ्यावरून चालत गेली. गाव हसायला जमलं.

“काय आर्गिरिस, लग्नाचा केक का हा?”

बिचाऱ्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात त्याला पिंपाभोवती घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या दिसल्या. त्यानं तळाच्या पाण्यात बोट बुडवून चाटलं.

“ताई! यात काय धुतलंस?”

“काही नाही रे. द्राक्षांच्या काकवीच्या कढया. एवढं पाणी काय फेकून द्यायचं?”

साखर पोटात गेली की सिमेंट सुस्तावतं, हे आर्गिरिसला ठाऊक होतं. पण झाम्बेता ऐकेल तर शपथ!

“माझ्या लेकीच्या लग्नाचा विचका केलास!”

“मी? का तुझ्या कढयांनी?”

वऱ्हाड खारट अर्ध्यावर दाटीवाटीनं नाचलं. नवऱ्याच्या मामाचा बूट गोड अर्ध्यात रुतला, तो मीही लवकर सोडला नाही. आर्गिरिस मात्र न जेवताच निघून गेला. बहीण-भावाचं बोलणं तुटलं.

लग्न उलटून गेल्यावर गोड अर्धं सावकाश आळलं आणि दगडासारखं झालं. सुरुवातीला ताठ्यात असलेल्या खारट अर्ध्याच्या पोटातल्या सळ्या मिठानं गंजवल्या, फुगवल्या. काही वर्षांत वर भेगा पडल्या. यंदा त्याच भेगेत पाय अडकून झाम्बेता पडली. हात मोडला.

कुणी न बोलावता आर्गिरिस आला. हातात घण, मागं खेचरावर झऱ्याचं पाणी. खारट अर्धं त्यानं फोडून काढलं. मग पेलाभर पाणी आधी स्वतः प्यायला, दुसरा बहिणीपुढे धरला.

“पिऊन बघ. तुझ्या घशाखाली उतरलं तरच कालवतो.”

झाम्बेतानं डाव्या हातानं पेला घेतला, चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात घोळवलं आणि गिळलं.

“चालेल,” ती म्हणाली. “आणि जेवल्याशिवाय जायचं नाही.”

आता दोघं माझ्या जुन्या अर्ध्यावर बसून कढया धुणारीची चूक मोठी की समुद्र उपसणाऱ्याची, यावर भांडतायत. माझं नवं अर्धं अजून ओलं आहे. कृपा करून त्यावर पाय देऊ नका; आणि या दोघांच्या मध्येही पडू नका.