बदलायचा होता पंखा

मित्रांनो, मी एक राउटर आहे. जुना आहे, पण कामचुकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या पोटात पंखा आहे, वीज पुरवणारा डबा आहे, तारा जोडायचं कार्ड आहे. बिघडलेला भाग काढून नवा बसवता यावा, अशीच माझी घडण.

अकोटला कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगशेजारी कुर्बानभाईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथं मी वर्षानुवर्षं राबलो. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली तर भरपाईचे फॉर्म भरायला गावंच्या गावं माझ्यापुढे रांगेत बसली. कुर्बानभाईंचं नेट कधी जात नाही, असं सारे म्हणत. त्या कौतुकापायी त्यांच्या पत्नी अफसानाबींनी मला क्रोशाचं झाकण विणलं. वा रे कौतुक! जिनिंगची रुई उडत आत यायची, त्यात वरून हे झाकण. मी श्वास घ्यायचा तरी कुठून?

मग एका वर्षी तूर सरकारी हमीभावानं विकायची तर ऑनलाइन नोंदणी लागे. शेवटच्या दिवशी चतुराबाई नावाच्या शेतकरीण सकाळपासून अंगठा लावायला बसल्या होत्या. आपली तूर त्यांनी एकटीच्या बळावर पिकवली होती. आणि नेमका मी तापून बंद पडलो.

कुर्बानभाईंनी विजेचा डबा बदलला. तेवढ्यात मी जरा थंड झालो होतो, म्हणून दहा मिनिटं चाललो आणि पुन्हा बंद पडलो. मग या भल्या माणसानं वीज चालू असतानाच माझं कार्ड उपसलं! चांगलं कार्ड जळलं, त्या जागी दुसरं आलं. वर थापडा मलाच, भंगार म्हणून शिव्याही मलाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पंख्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी कोपऱ्यात शिलाई करणाऱ्या अफसानाबी उठल्या. "मशीन अडली त आंधी रुई काढा लागते, मोटर नाई बदलत," असं म्हणून त्यांनी झाकण उचललं आणि मला उघडलं. आत मूठभर रुई निघाली. पंखा जळून गेला होता. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, तसे माझे दिवे हिरवे झाले. पण पाच वाजून गेले होते. नोंदणी बंद झाली होती.

कुर्बानभाई मान खाली घालून म्हणाले, "मशीनचा दोष नाई, बाई."

"मंग माह्या तुरीचा व्हता का?" चतुराबाईंनी विचारलं.

मित्रांनो, भाग बदलायच्या आधी एकदा उघडून पाहत जा हो. मला दुसरा पंखा मिळाला. चतुराबाईंची तूर व्यापारी म्हणेल त्या भावानं गेली.