हिंमतरावांचा टोप

वाचकहो, अमडापूरच्या जत्रेत माझ्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग येथे निवेदन करण्याचे मी योजिले आहे. त्यात पराक्रम नाही. एक शिरस्त्राण आहे व ते धुणारी एक स्त्री आहे. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. फळ्यांच्या गोल, उभ्या भिंतीवर फटफटी फिरविण्याचा 'मौत का कुआँ' हा आमच्या कंपनीचा खेळ असून मी दारावर तिकिटे फाडीत असे.

"अहो, हे काय हाय?"

तंबूमागे तानाबाईने टोपाचे अस्तर रिठ्याच्या पाण्यात बुडविले होते. चामडे भिजून आखडू नये म्हणून ती अस्तर उसवूनच धुवीत असे. पाण्यावर अंबाडीच्या भाजीची पाने तरंगत होती.

"घाम हाय तो," तिचे पती हिंमतराव म्हणाले. फटफटी बहुधा तेच चालवीत.

"घामात अंबाडी राह्यते काय? ओकले तुमी."

हिंमतरावांनी आवाज खाली आणला. "खाली उतरलो का डोकं गरगरते. मंग टोप काढतो, तोंडापुढं धरतो न वाकतो. पब्लिकले वाटते, मुजरा करून राह्यला. टाया पिटते."

"न वरतीच गरगरलं तं?"

"नाई गरगरत. तू वास काढ फक्त. मालकाले समजलं तं गाडी दुसऱ्याच्या हाती देईन तो."

तानाबाईने अस्तर चोळले, पुन्हा पुन्हा खळबळले, सावलीत वाळविले, चामड्यावरून तेलाचा बोळा फिरविला व आत कापराची पूड भुरभुरली. मन भयाने ग्रासलेले असतानाही अर्धवट काम करणे तिच्या हातांना ठाऊक नव्हते. टाके घालून झाल्यावर मात्र तो टोप पतीकडे न देता ती थेट मालक उत्तमरावांपुढे जाऊन उभी राहिली; हिंमतराव तिच्या मागोमाग आले.

"मालक, आज याइले चढू देऊ नका. चक्कर येते याइले. ह्या टोपात ओकले."

उत्तमरावांनी टोप नाकाशी धरला. "देवघरावानी वास येऊन राह्यला, बाई! काऊन, नवऱ्यासंग भांडण झालं काय?"

भोवतालची मंडळी हसली. तिने इतके निर्मळ धुतले होते, की पुरावा उरलाच नव्हता.

"मंग फिरवून पाहा याइले. इथंच, जमिनीवर."

"हे घ्या!" असे म्हणून हिंमतरावही हसत हसत, हात पसरून स्वतःभोवती फिरू लागले. हशा चालूच होता. इतक्यात त्यांचे पाय अडखळले, हात हवेत आधार चाचपू लागला. तानाबाई आधीच तेथे जाऊन उभी राहिली होती. त्यांना तिचा खांदा सापडला.

उत्तमरावांचे हसू मावळले. त्यांनी टोप दुसरा चालक भाऊराव याच्या हाती दिला. भाऊरावाने तो डोक्यावर चढविला.

"वैनी, कसा फस्कलास वास—" असे तो बोलून गेला आणि खाली पाहू लागला.

सायंकाळी खेळ सुरू झाला. हिंमतराव कुव्याच्या बाहेर, भिंतीला तळहात लावून उभे होते. आतून गाडी त्या जागेवरून गेली की फळी थरथरे, आणि फळीबरोबर त्यांचा हात. जेवण केव्हाचे वाढून ठेवले होते. तानाबाई थोड्या अंतरावर उभी राहिली, परंतु तिने त्यांना हाक मारली नाही.

माझ्या अल्प शिक्षणाने जसे साधले तसे लिहिले आहे. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

इंद्रभान रामराव जुमडे, मोताळा