मालनबाईच्या रक्तातली मळी

कोपरगावजवळच्या त्या वस्तीवर दुपारी एवढी गर्दी लोटली की गुऱ्हाळाचा जाळ विझला तरी कुणाला पत्ता नव्हता. गाळणनाथ महाराज मालनबाईचं रक्त गाळणार होते.

पंचविशीतली मालनबाई सकाळी ठीक असे. दुपारनंतर पापण्या मिटायच्या, आवाज नाकातून यायचा, घास घशात अडायचा. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. मुंबईला नेऊन छातीतली एक ग्रंथी काढून घ्या, उशीर केलात तर श्वास अडेल. सासरे आप्पासाहेब म्हणाले, आधी महाराज.

महाराजांनी तिच्या हातांना अंगारा चोळला, डोळ्यांवर गार फडकं ठेवून तिला निजवलं आणि तासभर स्वतःची थोरवी गायली. साखर कारखाना रसातली मळी काढतो, तशी आपण रक्तातली काढतो. फक्त आपल्याला बॉयलर लागत नाही. मग लोट्यातलं पिवळं तीर्थ तिच्या हातांवर ओतलं. परातीत लाल धार पडली. फडकं उचललं, तर पापण्या टक्क उघड्या.

बाया रडू लागल्या. महाराजांनी दर अमावास्येला एक गाळणी, असं वर्षभराचं सांगून टाकलं.

आप्पासाहेबांना राहवेना. तंबाखू मळलेली बोटं त्यांनी लोट्यात बुडवली. उरलेलं तीर्थ लाल झालं.

"तुमचंबी रगत नासलंय," महाराज गंभीरपणे म्हणाले.

दिराने, गोरक्षने, तीर्थाच्या दुसऱ्या लोट्यात बोट घातलं. तेही लाल. मग वाटीवाटीत ताजं तीर्थ घ्यायला रांगच लागली. सगळ्या वस्तीचं रक्त नासलं. तंबाखू न खाणारे गहिनीनाथ गुरुजी तेवढे पिवळे राहिले.

मालनबाईला हसू आलं, पण ओठ वर जाईनात.

"मामंजी, समद्यांच्या बोटाला चुना हाय. माझ्या अंगाऱ्यातबी त्योच. हळदीत चुना पडला की कुंकू व्हतं, ह्ये बायांना ठावं हाय."

"मग डोळं कशानं उघडलं?"

"तासभर पडून हुते म्हनून. रोज सकाळी उघडत्यातच की."

वाक्य संपता संपता तिचा आवाज घोगरला आणि पापण्या पुन्हा खाली आल्या. बोलल्यामुळे गुण गेला, असं महाराज म्हणाले, पण आप्पासाहेब सुनेकडेच बघत होते.

"गोरक्ष, बैलं जुप. मुंबईची गाडी गाठायचीय."

शस्त्रक्रिया झाली. गोळ्या चालू राहिल्या, ताकद महिन्यामहिन्याने परतली. मालनबाईला वेळ मिळाला. काहींना मिळत नाही. म्हणून घरात कुणाच्या पापण्या अवेळी मिटू लागल्या, तर आधी दवाखाना गाठा. अंगाऱ्यात काय कालवलंय, ते मागाहूनही तपासता येतं.