ॲम्ब्रोज हेलचा नियम

सासूचा जाच मला कधी झाला नाही. झाला तो ॲम्ब्रोज हेलचा. हा अठराव्या शतकातला टीकाकार. इंग्लंडात त्याला आता कुत्रं विचारत नाही, पण मेडनहेडच्या आमच्या घरात त्याचंच राज्य. आमचे हे, डॉक्टर चंद्रशेखर, हॉस्पिटलातून आले की त्याची पुस्तकं घेऊन बसत. हेलचं म्हणणं असं, की पुस्तक मिटून डोळे मिटावेत आणि मनात काय उरलं ते बघावं. आणि ज्याच्यावर माया आहे, त्याच्या लिखाणावर निकाल कधी देऊ नये.

दर दिवाळीला मराठी मंडळाचा अंक निघायचा. हे सगळ्यांच्या कथांची चिरफाड करायचे. लोक रागवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला यायचे. माझी कथा आली, की मात्र हे पान उलटायचे.

"अहो, एक शब्द तरी!"

"डॉक्टरनं घरच्यांची ट्रीटमेंट करायची नसते, अनु. तुझं मला विचारू नकोस."

मी वाईटच लिहीत असणार आणि ह्यांना ते तोंडावर सांगवत नसणार, असं मला वाटायचं. त्या मेल्या हेलच्या नावानं किती बोटं मोडली मी!

रिटायर झाल्यावर ह्यांना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मँचेस्टरला असलेल्या आमच्या लेकीचं, देविकाचं नाव. मी धसकाच घेतला. सकाळचा चहा झाला, की जुना अंक माझ्या कथेपाशी उघडून त्यांच्यापुढे ठेवायची आणि विचारायची, "कशी आहे कथा?" ते पान उलटायचे. "तुझं मला विचारू नकोस." ज्या उत्तरानं जन्मभर रडवलं, त्याच उत्तरानं आता मला धीर यायचा. मी अजून त्यांची कुणीतरी होते.

२००७च्या मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी पान उलटलं नाही. चष्मा सारखा करून वाचायला लागले.

"अहो, चहा गार होतोय," म्हणत मी अंक ओढायला गेले. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. शेवटपर्यंत वाचलं, अंक मिटला, डोळे मिटले.

"उत्तम," ते म्हणाले. "शेवटी ती सून सासूचा चष्मा पुसून पुन्हा खिडकीत ठेवते, ते मनातून जात नाही. फार चांगलं लिहितात ह्या बाई."

मी अंक हातात घेतला.

"त्यांना कळवा हो. कुणी सांगितलं नसेल त्यांना कधी." ते माझ्याकडे बघून अदबीनं हसले. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी तीच कथा पुन्हा उघडून त्यांच्यापुढे धरली.

"उलटा ना हो ते पान," मी म्हटलं. "उलटा ना."